सोलापूर ते ताश्कंद, बॅग पाठीवर : एकट्यानं जमिनीवरून अनेक देश फिरायचे तर तयारी कशी करायची

पहिल्यांदा एक गोष्ट क्लिअर करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. सोलापुरातून निघून एकही विमान न पकडता ट्रेन-बसनं आशियाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं, हे भारतीय पासपोर्टवर सध्या होत नाही. अटारीचं चेकपोस्ट एप्रिल 2025 पासून बंद आहे आणि ते उघडं होतं तेव्हाही आपल्याला पाकिस्तानचा टुरिस्ट व्हिसा मिळतच नव्हता. पूर्वेला मणिपूरच्या मोरेहहून म्यानमारमध्ये शिरायचा रस्ता होता, पण तिथे फेब्रुवारी 2021 ला लष्करानं सत्ता घेतली आणि तेव्हापासून देशभर लढाई चालू आहे, तो रस्ताही गेला. नेपाळला जाता येतं, त्याला तर पासपोर्टही लागत नाही, मतदार कार्ड चालतं, पण नेपाळच्या पुढे तिबेट आहे आणि तिबेटमध्ये परदेशी माणसाला एकट्यानं फिरू देत नाहीत, परमिट घ्या, गाइड घ्या, गाडी घ्या, सगळं आलं.

म्हणून एक उडी विमानानं मारायची आणि मग पाय जमिनीवर ठेवायचे. यात कमीपणा काही नाही. व्हिडिओवाले 'नो फ्लाइट चॅलेंज' करतात त्यातले निम्मे युरोपच्या पासपोर्टवर फिरतात, त्यांची गोष्ट वेगळी. आपला रूट नकाशा ठरवत नाही, आपला पासपोर्ट ठरवतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मी ज्या रूटबद्दल लिहितेय तो असा: मुंबईहून बँकॉकला विमान, बँकॉक ते चियांग माई ट्रेन, तिथून लाओस, लाओसमधून व्हिएतनाम, हनोईवरून वर चीनमध्ये युन्नान, मग चीन आडवा कापत शिआन, लानचौ, उरुम्ची, तिथून कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि शेवटी उझबेकिस्तान. ताश्कंदहून दिल्ली साधारण तीन तासांचं विमान. मधलं सगळं ट्रेन, बस, बोट आणि पायी. चारेक महिने लागतात, घाई केली तर तीन, पण घाई करायची असेल तर मग पॅकेज टूर काय वाईट आहे.

पासपोर्ट आत्ताच काढा

सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला हेलपाटा मारायची गरज नाही. ऑनलाइन फॉर्म भरताना दोन गोष्टी बघा. एक, 60 पानांचा पासपोर्ट मागा. 36 पानांचा 1500 रुपये, 60 पानांचा 2000, फक्त पाचशेचा फरक आहे, आणि जमिनीवरून फिरताना प्रत्येक सीमेवर जाताना एक शिक्का, येताना एक शिक्का, वर चीन-लाओसचे व्हिसा अख्खं पान खातात, तर पानं भराभर संपतात. दोन, दहावीचं सर्टिफिकेट जोडा म्हणजे पासपोर्ट नॉन-ईसीआर होतो, म्हणजे ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही. ईसीआर हा खरं तर नोकरीसाठी जाणाऱ्यांचा विषय आहे, टुरिस्टला तो आडवा यायला नको, पण थायलंड त्या अठरा देशांच्या यादीत आहे आणि एअरपोर्टवर वीस-बावीस वर्षांच्या पोराकडे ईसीआर पासपोर्ट आणि वन-वे तिकीट दिसलं की प्रश्नांची फैर झडते.

ते प्रश्न उगाच नसतात हेही सांगते. 2022 पासून आपलं परराष्ट्र मंत्रालय सारखं सांगतंय की थायलंडमध्ये डेटा एंट्रीची, डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून पोरांना बोलवतात आणि तिथून म्यानमारच्या म्यावाडीकडे नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडून ठेवतात. त्यामुळे इमिग्रेशनवाल्यानं "कशाला जायलाय, किती दिवस, पैसे कुठनं आले" विचारलं तर तोंड वाकडं करू नका, शांतपणे पुढच्या प्रवासाचं तिकीट, पहिल्या तीन-चार रात्रींचं बुकिंग, बँक स्टेटमेंट आणि इन्शुरन्स दाखवा. हे सगळं प्रिंट काढून एका प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, मोबाइलवर दाखवायला गेलं की नेमकं तेव्हाच नेट जातं. आणि हॉस्टेलमध्ये कुणी ओळख काढून "बॉर्डरजवळ एक काम आहे, पगार डॉलरमध्ये" म्हणालं तर तिथून उठून जा, चहा पण अर्धा सोडा.

रूट उलटा आखायचा

बहुतेक जण पहिल्या देशापासून प्लॅन करत जातात आणि चौथ्या देशाला जाऊन अडकतात. सगळ्यात अवघड व्हिसा कुठला ते शोधायचं आणि तिथून दोन्ही बाजूंना तारखा लावत जायचं. या रूटवर तो चीनचा. तो भारतातूनच काढून निघा, हनोईला गेल्यावर बघू असं म्हणू नका, कारण भलत्या देशातल्या वकिलातीत गेलं की "तुमच्या देशात जाऊन अर्ज करा" हे उत्तर मिळायची शक्यता फार. मुंबईतून काम होतं, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसायचं, सकाळी मुंबई.

टुरिस्ट व्हिसा साधारण एकदा शिरायचा आणि तीस दिवस राहायचा मिळतो, आणि व्हिसा दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत आत शिरावं लागतं. व्हिसावर 'एंटर बिफोर' म्हणून तारीख छापलेली असते. ही तारीख म्हणजे अख्ख्या ट्रिपचा खुंटा, बाकी सगळं तिला बांधायचं.

आता हवामान बघा. थायलंड-लाओस नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं-जंगलं जाळतात, धुरानं डोंगर दिसत नाही, घसा धरतो. शिनजियांग, म्हणजे उरुम्चीकडचा पश्चिम चीन, एप्रिल-मेमध्ये चांगलं. उझबेकिस्तान मेअखेरपर्यंत ठीक, जून-जुलैला चाळीसच्या वर जातं, आणि चाळीस बघायला सोलापूर काय कमी आहे का.

म्हणजे हिशोब असा बसतो. जानेवारीच्या सुरुवातीला चीनच्या व्हिसाचा अर्ज, संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा बघा, अक्षता सोहळा बघा, पासपोर्ट हातात आला की जानेवारीअखेर निघा. पहिल्यांदा थेट वर चियांग माईकडे, धूर सुरू व्हायच्या आत लाओस. मार्चमध्ये व्हिएतनाम. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चीन, तीन महिन्यांची मुदत संपायच्या आत. एप्रिलअखेर चीनमधून बाहेर पडायचं, कारण 1 मेला चीनमध्ये कामगार दिनाची मोठी सुट्टी असते, तेव्हा ट्रेनची तिकिटं मिळत नाहीत आणि सीमाही बंद असू शकते. मे महिना मध्य आशियात. किर्गिझस्तानातल्या सोंग-कुल सरोवराचा रस्ता जूनशिवाय नीट उघडत नाही, ते हुकणार, हुकू दे.

बाकीचे व्हिसा

थायलंडनं नोव्हेंबर 2023 पासून आपल्याला व्हिसा माफ केला, पण हा नियम आणि किती दिवस राहू देतात तो आकडा बदलायच्या चर्चा चालू असतात, तर निघायच्या आठवड्यात सरकारी साइटवर बघा, कुणाच्या जुन्या रीलवर विसंबू नका. मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, फुकट असतं. त्याच्या नावानं पैसे मागणाऱ्या साइट सर्चमध्ये वरती दिसतात, तिथे कार्ड नंबर टाकू नका.

लाओसला सीमेवरच व्हिसा मिळतो, साधारण चाळीस डॉलर आणि एक फोटो. व्हिएतनामचा इ-व्हिसा 25 डॉलर, ऑगस्ट 2023 पासून नव्वद दिवसांपर्यंत मिळतो. पण फॉर्ममध्ये तुम्ही कोणत्या नाक्यावरून शिरणार ते विचारतात आणि तिथे सवयीनं हनोई एअरपोर्ट टिक करू नका, तुम्ही बसनं जाणार आहात. लुआंग प्रबांगहून दिएन बिएन फूला जाणार असाल तर मधला नाका ताय त्रांग. व्हिएतनामी नववर्षाला, म्हणजे तेतला, आठवडाभर ऑफिसं बंद असतात, ते जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्ये कधीतरी येतं, तर अर्ज त्याच्या आधी नाहीतर नंतर.

कझाकस्तान चौदा दिवस व्हिसाशिवाय. किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान दोघांचा इ-व्हिसा आहे, उझबेकिस्तानचा तीस दिवसांचा 20 डॉलरला. हे दोन्ही चीनमध्ये असताना हॉस्टेलमध्ये बसून भरा, भारतातून निघताना भरले तर तारखा चुकतात. किर्गिझस्तानचा इ-व्हिसा सगळ्या नाक्यांवर चालतोच असं नाही, साइटवर यादी असते, तुमचा नाका त्यात आहे का बघून घ्या.

इराणचा विचार असेल तर: 2024 मध्ये आपल्याला व्हिसा माफ केला होता, तो नोव्हेंबर 2025 मध्ये थांबवला, कारण पुढे दुसऱ्या देशात नेतो म्हणून पोरांना तिथे नेऊन अपहरण करायचे प्रकार झाले. थायलंड-कंबोडिया सीमाही 2025 च्या चकमकींनंतर बंद झाली, म्हणून कंबोडियातलं अंगकोर वाटचं मंदिर मी या रूटमध्ये धरलेलंच नाही. जायचंच असेल तर व्हिएतनामच्या बाजूनं जाता येतं, पण मग रूट खाली लांबतो आणि चीनची तारीख डोक्यावर बसते.

पैसे

माझा अंदाज सांगते, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये झोपणाऱ्या आणि रस्त्यावर खाणाऱ्या माणसाचा. थायलंड-लाओस-व्हिएतनाम दिवसाला दोन ते अडीच हजार, चीन साडेतीन हजारापर्यंत कारण ट्रेनची तिकिटं, मध्य आशिया अडीच हजार. विमानं, व्हिसे, इन्शुरन्स धरून चार महिन्यांना चार लाख धरा. साडेतीनमध्ये पण होतं, पण शेवटच्या महिन्यात रोज हिशोब करत बसायची पाळी येते आणि उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याला जाऊन नुसती ब्रेड खायची तर मग कशाला गेलो असं होतं.

कार्ड दोन बँकांची दोन घ्या आणि एक पाकिटात, एक बॅगेच्या तळाशी ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, तो बाय डिफॉल्ट बंद असतो. थायलंडची एटीएम दरवेळी 220 बाट किंवा जास्त फी कापतात, म्हणून थोडे थोडे काढायचे नाहीत, एकदाच काढायचे. यूपीआयची सवय विसरा, या रूटवर तिचा भरवसा नाही.

आणि डॉलर कॅश. एका ट्रिपला तीन हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, तेवढ्या लागत नाहीत, पाचशे-सहाशे पुरे, पण नोटा कशा आहेत ते फार महत्त्वाचं. मनी चेंजरकडून घेताना एकेक नोट उजेडात धरून बघा, नवीन सिरीजची, घडी नसलेली, शाईचा ठिपका नसलेली. लाओसमधल्या ह्वे साइच्या नाक्यावर माझ्या पुढे एक जण होता, त्याच्या वीस डॉलरच्या नोटेचा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा फाटलेला, काउंटरवरच्या बाईनं नोट काचेखालून परत सरकवली, एक शब्द बोलली नाही, नुसतं बोट त्या कोपऱ्यावर ठेवलं. त्याच्याकडे दुसरी नोट नव्हती. मागे रांग. शेवटी त्यानं थाई बाटमध्ये पैसे भरले आणि ते डॉलरपेक्षा चांगलेच महाग पडले. नोटा वहीत सपाट ठेवा, पाकिटात नाही.

भारतातलं सिम चालू राहिलं पाहिजे, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. निघायच्या आधी रोमिंग चालू करा, रोमिंगमध्ये येणारे एसएमएस फुकट असतात, डेटा मात्र बंद ठेवा. आणि घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा की रिचार्ज संपू देऊ नका.

बॅग

40 लिटर, बास. साठची घेतली की साठ भरते. तीन टी-शर्ट, दोन पँट, एक हलकं जॅकेट, एक थर्मल, रेनकोट, चप्पल आणि एक बूट. मेमध्ये किर्गिझस्तानात रात्री थंडी असते पण त्यासाठी सोलापूरवरून चादर न्यायची नाही, आई पिशवीत घालेल, काढून ठेवा. टॉवेलही नको, आपला टॉवेल जगात भारी पण डॉर्ममध्ये दोन दिवस वाळत नाही, पंचा घ्या, तासाभरात वाळतो, गळ्याला गुंडाळता येतो, बसमध्ये एसी जास्त झाला तर अंगावर घेता येतो.

खायचं न्यायचं तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दुसरं काही नाही. कडक भाकरीला पाणी नाही, फ्रिज नाही, आठवडेच्या आठवडे टिकते, फक्त डब्यात भरा नाहीतर बॅगेत चुरा होतो. चटणी दुहेरी पिशवीत, तेल सुटतं. लाओसमध्ये नदीतल्या बोटीवर दोन दिवस जातात तेव्हा हे सोनं आहे. पण चीनच्या सीमेआधी संपवून टाका, तिथे खाण्याच्या वस्तूंवर कडक नजर असते. मी तर शेवटची चटणी हनोईच्या हॉस्टेलमध्ये एका कोरियन मुलीला भाताबरोबर दिली, तिला इतकी आवडली की पुडी चाटून पुसून साफ.

शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही, पण तयारी लागते. थाई, लाओ, व्हिएतनामी, चिनी आणि रशियन अशा पाच भाषांत 'मी मांस, मासे, अंडी, फिश सॉस खात नाही' हे लिहून स्क्रीनशॉट ठेवा. फिश सॉस हा शब्द घालाच, नाहीतर भाजीत तो असतोच आणि त्यांच्या हिशोबात तो मांस नाही. व्हिएतनाममध्ये बौद्ध शाकाहारी खानावळी जागोजागी आहेत. अवघड जातं ते कझाकस्तान-किर्गिझस्तानात, तिथे सूप म्हटलं की मटण आलंच, बटाटा, ब्रेड, टोमॅटो-काकडी आणि दही यावर भागवायचं.

औषधं: हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात यांची लस निघायच्या महिनाभर आधी, रेबीजचं डॉक्टरांना विचारा, कारण कुत्री सगळीकडे आहेत. झोपेच्या किंवा जबर दुखण्याच्या गोळ्या घेत असाल तर प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत सोबत पाहिजेच, उझबेकिस्तानचे कस्टमवाले ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांवरून माणूस अडकवतात. थायलंडमध्ये व्हेप बेकायदा आहे, विमानतळाबाहेर पानटपरीवर मिळालं तरी.

इन्शुरन्स घेताना टू-व्हीलरचं कलम वाचा. लाओस-व्हिएतनाममध्ये स्कूटर भाड्यानं कुणालाही देतात, लायसन विचारत नाहीत, पण पडलात की इन्शुरन्सवाला पहिलं लायसनच विचारतो. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट एक वर्षाचं मिळतं, हजार रुपये, काढून ठेवा, पण व्हिएतनाममध्ये ते धरतीलच असं समजू नका. व्हिएतनामच्या उत्तरेतल्या 'हा जियांग' भागाचा डोंगरी लूप करायचा असेल तर लोकल ड्रायव्हरच्या मागे बसून करा, रस्त्याकडे बघण्यापेक्षा दरीकडे बघायला मिळतं.

सीमा ओलांडायचा दिवस

त्या दिवशी दुसरं काही ठरवायचं नाही. सकाळी लवकर पोचायचं, म्हणजे काही अडलं तर दिवस हातात असतो. आदल्या रात्री पलीकडच्या गावातलं हॉस्टेल बुक करून पत्ता कागदावर लिहायचा, पलीकडच्या देशाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करायचा, थोडं पाणी, थोडं खायचं, दोन पेनं. पेन दोन, कारण एक कुणीतरी मागतं आणि परत देत नाही.

बाहेर पडल्याचा शिक्का बसला का ते तिथेच उभं राहून पासपोर्ट उघडून बघा. एक शिक्का राहिला तर पुढे तुम्ही अजून त्याच देशात आहात असं कागदावर दिसतं. आणि सीमेवर फोटो काढायचे नाहीत, कितीही वाटलं तरी.

चियांग खोंगहून लाओसला जाताना मेकाँगवर पूल आहे, त्यावरून चालत जाता येत नाही, शटल बस घ्यावी लागते. पलीकडे ह्वे साइ. तिथून सकाळी स्लो बोट सुटते ती दोन दिवसांनी लुआंग प्रबांगला पोचते, मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात. बोटीतल्या सीटा म्हणजे जुन्या व्हॅनमधून काढलेल्या सीटा, नुसत्या फळीवर ठेवलेल्या, मागे रेललं की अख्खी सीट मागच्याच्या गुडघ्यावर जाते. इंजिन मागे असतं, तर पुढे बसा, मागे बसलात तर दोन दिवस कानात तेच. बाकी काय करायचं नसतं, नदी बघायची. ज्यांना व्हिएतनाम नको असेल त्यांनी लुआंग प्रबांगहूनच ट्रेन पकडावी, लाओस-चीन रेल्वे डिसेंबर 2021 ला सुरू झाली आणि एप्रिल 2023 पासून ती थेट कुनमिंगपर्यंत जाते. सीमेवर दोन्ही बाजूंना सामान घेऊन उतरायला लागतं, एकदा लाओसचं चेकिंग, एकदा चीनचं.

व्हिएतनामकडून जाणाऱ्यांनी हनोई ते लाओ काय, तिथून पूल ओलांडून हकोउ, आणि हकोउहून कुनमिंगला ट्रेन.

चीन

चीनबद्दल भीती जास्त आहे आणि ती बरीचशी फोनबद्दलची आहे. व्हॉट्सॲप, गूगल, इन्स्टा चालत नाही. पण बाहेरच्या देशात घेतलेलं इ-सिम किंवा रोमिंगचा डेटा असेल तर चालतं, कारण तो डेटा त्यांच्या देशातून फिरून येतो. हॉस्टेलच्या वायफायवर नाही चालणार. घरी आधी सांगून ठेवा की चीनमध्ये दोन दिवस मेसेज आला नाही तर पोलीस स्टेशनला जाऊ नका. आमच्या घरी आत्याला हे तीनदा सांगावं लागलं.

पैसे द्यायला अलीपे नावाचं ॲप, त्यात आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, भारतातूनच जोडून, ओळख पडताळणी पूर्ण करून निघा. दोनशे युआनपेक्षा मोठ्या पेमेंटला तीन टक्के कापतात, तर जेवणखाण त्याच्यावर, हॉस्टेलचं मोठं बिल कॅशमध्ये. ट्रेनची तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात, पासपोर्ट नंबरवर निघतात, वेगळं कागदी तिकीट लागत नाही, पासपोर्टच तिकीट. ऑटोमॅटिक गेट आपला पासपोर्ट वाचेलच असं नाही, बाजूला माणूस बसलेला असतो त्याच्याकडे जा. स्टेशनवर बॅग स्कॅन होते, चाकू आणि डिओचे स्प्रे काढून घेतात. हॉटेलवाले तुमची पोलिसांकडे नोंद करतात, कुणाच्या घरी राहिलात तर चोवीस तासांत स्वतः जाऊन करायची.

कुनमिंग, छंगतू, शिआन असं वर जात राहायचं. शिआनपासून एक वाकडी वाट आहे, ती सोलापूरच्या माणसानं घ्यावी असं माझं मत. बीजिंगच्या दक्षिणेला, बीजिंगहून फास्ट ट्रेननं दीडेक तासावर शीज्याझुआंग नावाचं शहर आहे, टुरिस्ट कुणी जात नाही, तिथे हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. भैय्या चौकातलं त्यांचं घर आपण येता-जाता बघतो. 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून बोटीनं चीनला गेले, 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले, वय फक्त बत्तीस. तिथे गेटवर पासपोर्ट दाखवताना कागदावर त्यांचं चिनी नाव लिहून न्या, 'के तिहुआ', आणि आपण त्याच गावचे आहोत हे ट्रान्सलेटरवर टाइप करून दाखवा. मला आत फिरवायला एक आजोबा स्वतःहून आले, त्यांना माझं एक अक्षर कळत नव्हतं आणि मला त्यांचं, तरी तासभर बोलत होते.

तिथून परत पश्चिमेला, लानचौ, दुनहुआंग, उरुम्ची. शिनजियांगमध्ये चेकिंग जास्त असतं, मेट्रोला, बाजाराला, मॉलला, पासपोर्ट हातातच ठेवायचा आणि वेळ जास्तीचा धरायचा. घड्याळाचा घोळ तिथला वेगळाच, सगळं अधिकृत काम बीजिंगच्या वेळेनं आणि लोक जेवतात-झोपतात दोन तास मागच्या वेळेनं, बस किती वाजता म्हटलं की कोणत्या वेळेनं ते विचारा. खोर्गोसची सीमा पार करून कझाकस्तानात शिरलात की घड्याळ थेट तीन तास मागे.

मध्य आशिया

इथे येईपर्यंत तुम्ही तयार झालेले असता, म्हणून थोडक्यात. अल्माटी शहर झाडांचं, मागे बर्फाचे डोंगर, चारिन कॅन्यन एक दिवसाची सहल. चौदा दिवस पुरतात.

अल्माटी ते बिश्केक मार्श्रुत्का जाते, मार्श्रुत्का म्हणजे आपली वडाप, भरली की सुटते. कोर्दाइच्या नाक्यावर सगळ्यांना सामानासकट उतरवतात, तुम्ही चालत सीमा ओलांडायची आणि गाडी पलीकडे जाऊन थांबते. पलीकडे तशाच पांढऱ्या व्हॅन रांगेनं पन्नास उभ्या असतात, म्हणून उतरायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा, सीमेपासून लांब असतानाच. सोबतच्या एखाद्या आजीला धरून ठेवा, आजी मागे राहिली तर ड्रायव्हर थांबतो, आपण राहिलो तर सांगता येत नाही.

बिश्केकहून ओशला शेअर टॅक्सी, दिवसभराचा डोंगरी रस्ता, मागच्या मधल्या सीटवर बसू नका, दहा-बारा तास जातात. ओशजवळ दोस्तुकचा नाका ओलांडला की उझबेकिस्तान, पहिलं मोठं शहर अंदिजान, बाबराचं जन्मगाव. तिथून ताश्कंदला ट्रेन, आणि ताश्कंदहून समरकंदला अफ्रोसियाब नावाची फास्ट ट्रेन सव्वादोन तासांत नेते. तिची तिकिटं लवकर संपतात, साध्या ट्रेननं गेलात तरी काही बिघडत नाही, साडेतीन-चार तास लागतात आणि डब्यात कुणीतरी चहा पाजतंच. ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींचा पुतळा आहे, जानेवारी 1966 मध्ये ते तिथेच गेले.

उझबेकिस्तानात हॉटेलवाले तुमची नोंदणी करतात, त्याची चिठ्ठी दिली तर ती देश सोडेपर्यंत जपा.

मुलींसाठी आणि घरच्यांसाठी

या रूटवर मला भारतातल्या काही स्टेशनांपेक्षा जास्त सुरक्षित वाटलं, हे खरं आहे, पण म्हणून सैल सोडायचं नाही. डॉर्म मुलींचाच बुक करा, पन्नास-शंभर रुपये जास्त जातात. नवीन शहरात अंधार पडायच्या आत पोचायचं, भले त्यासाठी एक रात्र अलीकडे काढावी लागो. शेअर टॅक्सीत बसायच्या आधी आतमध्ये अजून एखादी बाई आहे का बघा, नसेल तर पुढची. मध्य आशियात लग्न झालंय का हा प्रश्न दहाव्या मिनिटाला येतो, "हो, नवरा बिश्केकमध्ये थांबलाय" हे उत्तर बिनधास्त द्या. सॅनिटरी पॅड सगळीकडे मिळतात, टॅम्पॉन-कपची सवय असेल तर इथूनच न्या.

घरच्यांना पटवायला भाषण उपयोगाचं नाही, कागद द्या. मी एका ए-फोर कागदावर तारखा, गावं, प्रत्येक ठिकाणच्या भारतीय वकिलातीचा फोन, इन्शुरन्सचा नंबर आणि सगळ्या व्हिसांच्या तारखा लिहून तो फ्रिजवर चिकटवला, बाबा महिनाभर त्या कागदाकडे बघून काही बोलले नाहीत आणि मग एक दिवस शेजाऱ्यांना तोच कागद दाखवून समजावून सांगत होते. रोज एक मेसेज कुठल्या वेळेला ते ठरवा, आणि तो पाळा. रोज कॉल कबूल करू नका, जमत नाही आणि मग घरी जीव टांगणीला.

परतीचं ताश्कंद-दिल्ली तिकीट किर्गिझस्तानात असताना काढलं तरी चालतं, पण निघताना एअरपोर्टवर दाखवायला परतीचं काहीतरी लागतं, तर ते बदलता येणारं घ्या. दिल्लीहून कर्नाटक एक्सप्रेस थेट सोलापूरला येते. तिचं रिझर्व्हेशन विमान उतरायच्या दुसऱ्या दिवशीचं काढा, त्याच दिवसाचं नको, आणि ताश्कंदमधून काढणार असाल तर भारतातलं सिम त्या वेळी फोनमध्ये पाहिजे, ओटीपी तिथेच येणार आहे.